हिरव्या टूर्मलीनचा मोठा कॅबोशॉन : कच्च्या खड्यापासून कोंदणापर्यंत

हिरव्या टूर्मलीनचा पहिला मोठा कच्चा तुकडा हाती आला, तेव्हा काकडीच्या चकत्या कराव्यात तशा मी त्याच्या आडव्या चकत्या केल्या. कुशीवर धरल्यावर कोवळ्या भातासारखा हिरवा दिसणारा तो स्फटिक चकत्या होताच काळा पडला आणि पुढे आठ दिवस पॉलिश करूनही त्यातून उजेड काही आला नाही. यंत्रात दोष नव्हता आणि दगडही चांगला होता; फक्त करवतीची दिशा चुकली होती. ही चूक जवळजवळ प्रत्येक नवखा करतो, आणि ती एकदा झाली की दुरुस्त करता येत नाही.

फोंड्याजवळच्या घराच्या मागच्या पडवीत एक छोटे यंत्र मांडून मी हे काम शिकलो. गोव्याच्या खाणी लोहाच्या आणि मँगनीजच्या. रत्नांचे खडे घडवण्याची परंपरा जयपूरला आणि खंभातला आहे. त्यामुळे आपल्याकडे हे काम शिकू पाहणाऱ्याला शेजारी विचारायला कोणी सापडत नाही. हा लेख अशा वाचकांसाठी आहे. खडा स्वतः कापण्याऐवजी बाहेरच्या कारागिराकडे पाठवणार असाल, तरी पहिल्या तीन पायऱ्या वाचाव्यात, कारण कारागिराला काय सांगायचे हे त्यांतूनच ठरते. ‘मोठा’ हा शब्द मी येथे २० मिलिमीटरपेक्षा लांब खड्यासाठी वापरला आहे. कॅबोशॉन म्हणजे पैलू न पाडता वरून घुमटासारखा गोलवा आणि खालून सपाट तळ दिलेला खडा.

१. खडा कशाचा आहे हे आधी समजून घ्या

टूर्मलीनला मराठी शास्त्रीय लेखनात तोरमल्ली म्हणतात आणि दोन्ही नावांचे मूळ सिंहली भाषेत आहे. हे एका खनिजाचे नाव नसून बोरॉनयुक्त सिलिकेट खनिजांच्या मोठ्या कुटुंबाचे नाव आहे. दागिन्यांत येणारे बहुतेक हिरवे खडे या कुटुंबातील एल्बाइट या खनिजाचे असतात. इटलीतील एल्बा बेटावरून त्याला हे नाव पडले. कठीणता मोहच्या मापावर ७ ते ७.५, विशिष्ट गुरुत्व ३.०६च्या आसपास आणि अपवर्तनांक (खड्यात शिरताना उजेड किती वळतो त्याचे माप) साधारण १.६२ ते १.६४, हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत, कारण पुढे काचेचा खडा ओळखताना आणि वजनाचा अंदाज करताना तेच उपयोगी पडतात.

हिरवा रंग बहुधा लोहामुळे येतो. क्रोमियम किंवा व्हॅनेडियममुळे आलेला गर्द, स्वच्छ हिरवा रंगही आढळतो; बाजारात त्याला क्रोम टूर्मलीन म्हणतात आणि तो मुख्यतः टांझानिया आणि केनियातून येतो. त्याचे खडे सहसा लहान निघतात. त्यामुळे ४०–५० कॅरटचा खडा ‘क्रोम’ म्हणून कोणी चढ्या भावाने दाखवला, तर हात आखडता घ्यावा आणि चेल्सी फिल्टरमधून, म्हणजे रत्ने पारखण्याच्या छोट्या रंगीत काचेतून, पाहावे. क्रोमचा खडा त्यातून बहुधा लालसर दिसतो, लोहाचा हिरवाच राहतो. लोहाच्या रंगाला कमी लेखण्याचे मात्र कारण नाही. ब्राझील, अफगाणिस्तान, नामिबिया आणि मोझांबिक येथील उत्तम हिरवे खडे लोहाचेच आहेत.

हिरव्याच्या मोहात पडलेले आपण पहिले नव्हे. ज्या पोर्तुगीज सत्तेच्या अमलाखाली त्या काळी गोवा होता, तिच्याच अमलाखालील ब्राझीलमध्ये फेर्नांव दियास पाइश हा मोहिमेचा नायक सात वर्षे पाचू शोधत जंगले तुडवत होता आणि आपल्याला पाचूच सापडले या समजुतीतच १६८१ मध्ये मरण पावला. त्याच्याजवळचे खडे टूर्मलीन होते.

आता स्वच्छतेविषयी. हिरवे टूर्मलीन इतर रंगांच्या मानाने निर्मळ असते. गुलाबी आणि लाल खड्यांत जितक्या भेगा आणि धागे चालवून घेतात, तितके हिरव्यात घेत नाहीत. म्हणूनच निर्मळ हिरवा कच्चा माल पैलूवाल्यांकडे जातो आणि कॅबोशॉनसाठी उरतो तो धागे, नळ्या आणि पडदे असलेला. हे ध्यानात घेतले म्हणजे निष्कलंक खड्याचा हट्ट सुटतो आणि खरा प्रश्न समोर येतो : दोष कुठे आहेत, आणि त्यांना ओलांडून उजेड आरपार जातो का? आत पसरलेले बारीक धागे रंगाला मऊपणा देतात. तेवढ्यासाठी मी चांगला खडा सोडणार नाही. पृष्ठभागापर्यंत येणारी भेग ही मात्र वेगळी गोष्ट आहे, कारण ती चाकावर उघडते.

२. कच्चा खडा विकत घेताना

खडा नेहमी कोरडा पाहावा. पाण्यात किंवा तेलात भिजवलेल्या कच्च्या खड्याच्या भेगा लपतात आणि रंग खुलतो. उत्तर गोव्यातील पर्यटकांच्या एका बाजारात मी ओल्या फडक्यावर मांडलेला तुकडा घेतला आणि घरी येऊन पुसला, तेव्हा त्यावर कोळ्याचे जाळे उमटले. तेव्हापासून खिशात स्पिरिट लावलेला कापूस ठेवतो आणि विक्रेत्यासमोरच खडा पुसतो. कोणी पुसू देत नसेल, तर त्याचे उत्तर मिळालेच. स्वच्छ कोरडा खडा पाहून झाल्यावर आत डोकावण्यासाठी तो स्वतःच्या हाताने पाण्यात बुडवून पाहण्यास मात्र काहीच हरकत नाही.

दुसरा सापळा टॉर्चचा. जोरदार टॉर्च मागे धरली की जवळजवळ काळा खडाही झगझगीत हिरवा दिसतो. अंगठीच्या मागे कोणी टॉर्च धरत नाही. खडा पांढऱ्या कागदावर ठेवून सावलीत, सकाळी दहाच्या सुमारास पडवीत जसा उजेड असतो तशा उजेडात पाहावा. मग घरातील पिवळ्या दिव्याखाली पाहावा. काही खडे दिवसा निळसर हिरवे आणि दिव्याखाली शेवाळी दिसतात. ते वाईट असतात असे नाही, परंतु घेणाऱ्याला आधी माहीत असावे. पावसाळ्यात ढगाळ दिवशी पाहिलेला रंग थोडा थंड भासतो, हेही हिशेबात धरावे.

तिसरा सापळा वजनाचा. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, यात वाद नाही. रत्तीचे तसे नाही. कोणी रत्ती सुमारे ०.९१ कॅरटची धरतो, कोणी सुमारे ०.६ कॅरटची, त्यामुळे एकाच खड्याचे वजन दोन दुकानांत निराळे निघते. बुधासाठी पाचूचे उपरत्न म्हणून हिरवे टूर्मलीन घेणारे बरेच जण रत्तीतच बोलतात. त्यांनीही वजन ग्रॅममध्ये लिहून घ्यावे.

चौथा सापळा नकलीचा. दागिन्यांच्या आकाराचे कृत्रिम टूर्मलीन बाजारात येत नाही; ‘सिंथेटिक टूर्मलीन’ म्हणून जे विकतात ते बहुधा रंगीत काच किंवा कृत्रिम स्पिनेल असते. या दोन्हींत द्विवर्णता नसते, म्हणजे कोणत्याही दिशेने पाहिले तरी एकच रंग दिसतो. टूर्मलीनमध्ये ती ठळक असते आणि ती घरच्या घरी तपासता येते. ती युक्ती पुढच्या पायरीत आहे, कारण कापण्यासाठीही तीच लागते.

भेगांत राळ भरलेले खडेही येतात. भिंगाखाली खडा हळूहळू फिरवल्यावर भेगेत एखादी चमक उमटून नाहीशी झाली किंवा चपटा बुडबुडा दिसला, तर भराव आहे असे समजावे. गर्द खडे उजळण्यासाठी तापवतातही. ती प्रक्रिया टिकाऊ असते आणि बहुतेक वेळा ओळखू येत नाही.

३. अक्ष शोधा, आणि सापडेपर्यंत करवतीला हात लावू नका

या लेखातील बाकी सगळे विसरलात तरी चालेल, एवढी पायरी लक्षात ठेवावी.

टूर्मलीनचा स्फटिक लांब कांडीसारखा वाढतो. त्याचा आडवा छेद गोलसर त्रिकोणी असतो आणि अंगावर लांबीच्या दिशेने बारीक उभ्या रेघा असतात. या रेघांना समांतर जाणारी दिशा म्हणजे स्फटिकाचा मुख्य अक्ष. हिरव्या टूर्मलीनमध्ये या अक्षाच्या दिशेने पाहिले, म्हणजे कांडीच्या टोकातून आरपार पाहिले, तर रंग बहुधा अतिशय गडद, कधी तपकिरी, कधी सरळ काळा दिसतो. कुशीतून पाहिले तर तोच खडा उजळ हिरवा असतो. कारागीर पहिल्या प्रकाराला ‘टोक बंद आहे’ असे म्हणतात. काही थोड्या खड्यांचे टोक ‘उघडे’ असते आणि त्यातूनही सुरेख रंग येतो, पण तो नशिबाचा भाग.

यावरून नियम असा निघतो की टोक बंद असेल, तर कॅबोशॉनचा सपाट तळ मुख्य अक्षाला समांतर असला पाहिजे, म्हणजे वरून पाहणाऱ्याची नजर स्फटिकाच्या कुशीत शिरते. मी पहिल्या खड्याच्या आडव्या चकत्या केल्या, तेव्हा प्रत्येक चकतीचा तळ अक्षाला काटकोनात आला आणि पाहणाऱ्याची नजर नेमकी बंद टोकातून जाऊ लागली. खडा उभा चिरला पाहिजे होता. उभी चिरलेली अर्धी काकडी ताटात पालथी ठेवली की तिचा आकार लांबट कॅबोशॉनच्या जवळ जातो. जाड आणि सरळ स्फटिकातून अशा रीतीने दोन घुमट निघू शकतात.

अंगावर रेघा असतील तर अक्ष दिसतोच. नदीतून आलेला गुळगुळीत गोटा असेल किंवा मोठ्या स्फटिकाचा फुटलेला तुकडा असेल, तर लॅपटॉपचा साधा एलसीडी पडदा कामाला येतो. पडद्यावर कोरे पांढरे पान उघडून त्यापुढे खडा धरावा आणि घड्याळाच्या काट्यासारखा सावकाश फिरवावा. पडद्याचा उजेड ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, असतो, म्हणून खडा कुशीतून पाहत असाल तर फिरवताना रंग एकदा गडद, एकदा उजळ होत जाईल. टोकातून पाहत असाल तर फिरवूनही रंग बदलणार नाही. जिथे बदल थांबतो ती दिशा अक्षाची. काच किंवा स्पिनेल असेल, तर कुठल्याच दिशेने बदल होणार नाही, म्हणजे नकलीची परीक्षाही यातच झाली. काही मोबाइलच्या पडद्यांवर हा प्रयोग नीट होत नाही; तेव्हा पोलराइज्ड गॉगलची एक काच खड्यासमोर धरून फिरवावी.

मोठ्या खड्याची आणखी एक अडचण असते. रंगाची गडदता जाडीबरोबर वाढते. पाच मिलिमीटर जाडीत जो रंग सुंदर दिसतो, तो बारा मिलिमीटर जाडीत काळवंडतो, आणि खडा मागून बंद कोंदणात बसवला तर उजेडाला आत जाऊन परत यावे लागते, म्हणजे जाडी दुप्पट झाल्यासारखेच होते. म्हणून कापण्याआधी खड्याची एक पातळ कड आणि एक जाड भाग कागदावर शेजारी शेजारी पाहावेत आणि घुमटाची उंची त्यावरून ठरवावी. मध्यम रंगाच्या खड्याला रुंदीच्या निम्मी उंची चालते. गडद खड्याला रुंदीच्या पाव ते तृतीयांश इतकीच उंची द्यावी. फिकट खड्याला उंच घुमट शोभतो. उंची कमी केली की वजन जाते आणि जीव कासावीस होतो, हे मला मान्य आहे; परंतु ५० कॅरटचा काळा खडा आणि ३८ कॅरटचा हिरवा खडा यांत मी दुसरा निवडीन. जुने कारागीर गर्द गार्नेटचा तळ आतून कोरून पोकळ करीत. टूर्मलीनमध्येही ते जमते, पण कडा पातळ होऊन फुटण्याची भीती असते आणि पहिल्या खड्यावर हा प्रयोग करू नये.

याच पायरीत मांजरडोळ्याचाही विचार करावा. अक्षाला समांतर अशा असंख्य सूक्ष्म नळ्या खड्यात असतील, तर घुमटावर उजेडाची एक सरकती रेघ उमटू शकते. ही रेघ नळ्यांना आडवी पडते. त्यामुळे रेघ लांबट खड्याच्या लांबीवर यायला हवी असेल, तर नळ्या खड्याच्या रुंदीच्या दिशेने ठेवाव्या लागतात, आणि स्फटिक तर नळ्यांच्याच दिशेने लांब असतो! म्हणून मोठा, लांबीवर रेघ असलेला हिरवा मांजरडोळा करायला फार जाड स्फटिक लागतो. साध्या स्फटिकातून रेघ रुंदीवर येते किंवा खडा गोल करावा लागतो. तळ अक्षाला समांतर हा नियम येथेही तोच राहतो. घुमट मात्र उंच हवा, नाहीतर रेघ पसरट होते.

४. साधने आणि कागदपत्रे जमवा

घरच्या कामाला पुढील गोष्टी लागतात :

– पातळ डायमंड पात्याची, पाण्यावर चालणारी छोटी करवत
– २२०, ६००, १२००, ३००० आणि १४००० ग्रिटची चाके असलेले, कॅबोशॉन घासण्याचे कॅबिंग यंत्र (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितके चाक बारीक)
– चामड्याची पॉलिश पॅड आणि पांढरी अॅल्युमिना पावडर
– लंबगोलांची धातूची किंवा प्लॅस्टिकची टेम्प्लेट, आणि खुणेसाठी टोक काढलेली अॅल्युमिनियमची तार
– घासताना खडा धरण्यासाठी लाकडी दांड्या, अराल्डाइट, अॅसिटोन
– १० पट भिंग, व्हर्नियर कॅलिपर, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा
– एन-९५ मास्क, चष्मा, रबरी एप्रन

यंत्राला अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर असल्याशिवाय पाण्याजवळ काम करू नये. टूर्मलीन हे सिलिकेट असल्यामुळे त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. म्हणून प्रत्येक चाकावर पाणी हवेच आणि यंत्रावर वाळलेला गाळ कधीही कोरडा झाडू नये. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भागातील विहिरीच्या पाण्यात तांबडा गाळ येतो. शेवटच्या दोन चाकांसाठी ते पाणी गाळून घ्यावे, अन्यथा पॉलिश होता होता ओरखडा उमटतो आणि कारण समजत नाही. पावसाळ्यात करवतीची पाती पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवावीत.

कागदपत्रांत सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खरेदीचे पक्के बिल. त्यावर ‘हिरवा दगड’ असे मोघम न लिहिता ‘नैसर्गिक टूर्मलीन, कच्चे’ आणि ग्रॅममधील वजन लिहून घ्यावे. खडा कारागिराकडे किंवा प्रयोगशाळेकडे पाठवताना बिलाची प्रत, चारही बाजूंनी पट्टी ठेवून काढलेली छायाचित्रे, वजन आणि मापे यांचे पत्रक आणि आपल्या सूचना यांचा संच सोबत जोडावा आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. कुरियरच्या अटींत मौल्यवान खडे अनेकदा वगळलेले असतात. पार्सल हरवल्यावर ती अट वाचण्यापेक्षा आधी विचारावे आणि विम्यासह पाठवावे.

कारागिराला सूचना लिहिताना ‘सुंदर कापा’ असे लिहून उपयोग नाही. तळ अक्षाला समांतर, घुमटाची उंची इतके मिलिमीटर, तळही पॉलिश, वजनापेक्षा रंगाला प्राधान्य, असे लिहावे. शेवटचे वाक्य विशेषतः लिहावेच. न सांगता कारागीर वजन वाचवतो, कारण बहुतेक गिऱ्हाइके तेच मागतात.

५. कापणी

खुणा अॅल्युमिनियमच्या तारेने कराव्यात. मार्कर पेनची शाई भेगेत शिरते आणि निघत नाही. मोठी भेग असेल तर तिच्यावरूनच कापण्याची रेघ न्यावी, म्हणजे ती घुमटाच्या मधोमध येण्याऐवजी कडेला जाऊन निघून जाते. करवतीवर खडा हळू ढकलावा, वाकवू नये आणि शेवटच्या दोन मिलिमीटरांत हाताचा दाब जवळजवळ काढून घ्यावा. काही स्फटिकांत, विशेषतः दोन रंगांच्या थरांच्या सीमेवर, आतला ताण असतो आणि पाते अर्ध्यावर गेले असताना खडा आपोआप तडकतो. तो तुमचा दोष नसतो.

वजनाच्या घटीची तयारी मनाने आधीच करावी. माझा दुसरा स्फटिक ४८ ग्रॅमचा, म्हणजे २४० कॅरटचा होता. उभा चिरल्यावर एका अर्ध्यात आडवी भेग निघाली आणि त्याचे लहान खडे झाले. दुसऱ्यातून ३० × २१ × १० मिलिमीटरचा लंबगोल निघाला. लंबगोल कॅबोशॉनचे वजन काढण्याचे सोपे सूत्र असे : लांबी × रुंदी × उंची मिलिमीटरमध्ये घ्यावी, तिला विशिष्ट गुरुत्वाने आणि मग ०.००२६ ने गुणावे. ६३०० ला ३.०६ ने आणि ०.००२६ ने गुणले की ५० कॅरट येतात, आणि काट्यावरही जवळपास तेवढेच भरले. म्हणजे त्या एका खड्यात मूळ मालाचा पाचवा भागच उतरला. भाव ठरवताना कच्च्या वजनावर भुलू नये, ते यामुळे.

६. दांडीवर बसवणे

जुन्या पद्धतीत लाख वितळवून खडा दांडीवर चिकटवतात आणि त्यासाठी खडा गरम करावा लागतो. टूर्मलीनला तापमानातील अचानक बदल सोसत नाही; धागे आणि भेगा असलेल्या मोठ्या खड्याला तर मुळीच नाही. म्हणून थंडच चिकटवावे. सुपरग्लू आपल्या दमट हवेत फार लवकर धरतो आणि खड्यावर पांढरी पूड सोडतो, त्यामुळे मी दोन नळ्यांचे अराल्डाइट वापरतो आणि रात्रभर तसेच ठेवतो. दांडीचे डोके खड्याच्या रुंदीच्या सुमारे दोनतृतीयांश असावे. काम झाल्यावर खडा झाकणाच्या बरणीत अॅसिटोनमध्ये ठेवावा. घाई करून फ्रीजरमध्ये टाकू नये आणि चाकूने उचकटू नये. भेगांत राळ भरलेला खडा असेल, तर अॅसिटोन ती राळही खाईल. तेव्हा हा प्रश्न विकत घेतानाच सोडवलेला असावा.

दांडीवर बसवण्याआधी तळ सपाट करून ३००० पर्यंत नेऊन ठेवावा. पारदर्शक खड्याचा खरबरीत तळ वरून धुक्यासारखा दिसतो.

७. घुमट घडवणे

८० ग्रिटच्या चाकावर मी टूर्मलीन नेत नाही. ठिसूळपणामुळे कडेचे टवके उडतात आणि त्या टवक्यांच्या खाली गेलेले ओरखडे पुढच्या तीन चाकांवर छळतात. २२० वर वेळ जास्त लागतो, पण हिशेब शेवटी तोच येतो.

आधी टेम्प्लेटच्या रेघेपर्यंत बाह्य आकार आणावा. मग कडेला सर्वत्र साधारण एक ते दीड मिलिमीटरची पट्टी ठेवून तिला आत किंचित कल द्यावा, म्हणजे सोनाराला कोंदणाची भिंत वर दाबायला जागा मिळते. त्यानंतर कडेपासून माथ्याकडे पायऱ्यापायऱ्यांनी कोन कापत जावे आणि शेवटी त्या पायऱ्या मोडून गोलवा आणावा. हात एका जागी थांबला की तिथे सपाट डाग पडतो. तो २२० वर दिसत नाही, १४००० वर आरशासारखा दिसतो.

यावर उपाय ट्यूबलाइटचा. प्रत्येक चाकानंतर खडा धुऊन, पुसून ट्यूबलाइटखाली धरावा आणि हळूहळू कलवावा. दिव्याची पांढरी रेघ घुमटावरून न तुटता, न नागमोडी होता सरकली पाहिजे. रेघ जिथे एकदम उडी मारते किंवा फुगते तिथे सपाटी आहे. ६०० वर ही परीक्षा पास होईपर्यंत पुढे जाऊ नये. पुढची चाके आकार सुधारत नाहीत, फक्त तो चमकवतात. प्रत्येक चाक बदलताना हात, नखे आणि दांडीसुद्धा धुवावी. नखात अडकलेला २२० चा एक कण ३००० च्या चाकाचा दिवस खराब करतो.

तळाच्या धारेला शेवटी पंचेचाळीस अंशांचा बारीक उतार द्यावा. धारदार कड कोंदणात बसवताना हमखास फुटते.

८. पॉलिश

१४००० च्या चाकानंतर ओलसर चामड्यावर पांढरी अॅल्युमिना लावून शेवटचा हात द्यावा. चामडे सुकू लागले की ते खडा ओढते. त्या क्षणी चमक झपाट्याने येते आणि मोह होतो, पण उष्णताही त्याच क्षणी वाढते आणि भेग उघडते. दर अर्ध्या मिनिटाला खडा गालाला लावून पाहावा. कोमट लागला की थांबावे, आणि गरम खडा पाण्यात बुडवू नये.

पृष्ठभागावर नळ्यांची तोंडे उघडी असतील, तर त्यांत पावडर बसते आणि खड्यावर पांढरे ठिपके दिसतात. हिरवी क्रोम पावडर वापरून ते ठिपके दडवण्याचा सल्ला मिळेल. तो मानू नये. ती पावडर नळीत कायमची राहते आणि रंगाविषयी खोटे सांगते. मऊ ब्रश, साबणाचे पाणी आणि धीर यांनी बहुतेक पावडर निघते.

९. प्रयोगशाळा आधी, सोनार नंतर

कोंदणात बसलेल्या खड्याचे वजन आणि विशिष्ट गुरुत्व मोजता येत नाही. म्हणून प्रमाणपत्र हवे असेल, तर सुटा खडाच पाठवावा. त्यासाठी मुंबई आणि जयपूर ही सोयीची ठिकाणे आहेत. अहवालावर वजन, मापे, खनिजाचे नाव आणि भराव किंवा अन्य प्रक्रियेविषयीचा शेरा आहे की नाही ते पाहावे. हा अहवाल खडा काय आहे ते सांगतो. त्याची किंमत सांगत नाही, आणि विक्रेत्याने दोन्ही एकच असल्यासारखे बोलू नये.

मग आपल्या नेहमीच्या शेटकडे, म्हणजे सोनाराकडे, जावे. गोव्यातील शेट मंडळींचा हात कोंदणात बसलेला असतो, पण त्यांच्याकडे रोज येणारे खडे लहान आणि कठीण असतात. म्हणून तीन गोष्टी आधी बोलून घ्याव्यात. रंग गडद असेल तर कोंदण मागून उघडे ठेवावे. डाक लावण्याचे, म्हणजे ज्योतीने धातूचे सांधे जोडण्याचे, सर्व काम खडा बसवण्यापूर्वी संपवावे आणि पुढे कधी दुरुस्ती निघाली, तर खडा काढूनच ज्योत लावावी. अल्ट्रासॉनिक यंत्रात किंवा वाफेवर हा दागिना धुवू नये. मी दुसरी गोष्ट एकदा सांगायला विसरलो आणि माझ्या ३० मिलिमीटरच्या खड्याच्या डाव्या टोकाला केसाएवढी भेग आली. शेटना दोष देता येणार नाही. मी काही बोललोच नव्हतो.

दागिना वापरात आल्यावर तो इतर खड्यांपेक्षा लवकर धुळकट होतो अशी तक्रार येईल. टूर्मलीन तापले की त्याच्या दोन टोकांवर विद्युतभार येतो आणि तो धूळ ओढतो. डच व्यापारी त्याला राख ओढणारा दगड म्हणत, ते त्यामुळेच. धूळ कोरड्या कापडाने रगडू नये, कारण तिच्यात वाळूचे कण असतात आणि वाळूची कठीणता ७ म्हणजे जवळजवळ या खड्याएवढीच आहे. समुद्रावर जाताना अंगठी घरी ठेवावी. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून, मऊ टूथब्रशने मागचा उघडा तळ आधी धुवावा आणि मग घुमट; हाताचे तेल आणि साबण तळाकडेच साचतात आणि रंग मंद झाल्यासारखा वाटतो तो बहुधा तिथूनच.